मुलाच्या कार्डावरचा बाप

२० मे २००८, मंगळवार. बुद्ध पौर्णिमा.

ही डायरी विमा एजंट खुशालरावांनी जानेवारीत फुकट दिली होती. पाच महिने पेटीत पडून होती. कोऱ्या वस्तूला हात लावायला मला धीर होत नाही. नवा सदरासुद्धा मी इतका जपून ठेवतो की घालायला काढावा तर तो अंगाला होत नाही. पण काल टीव्हीवर एक डॉक्टर सांगत होते, काळजी करणाऱ्याने काळज्या लिहून काढाव्या, छाती हलकी होते. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. काळज्या मात्र पार कॉलेजापर्यंत गेलेल्या आहेत.

आजची काळजी माझा मुलगा, स्वप्निल.

सकाळी विहारातून आलो, खीर खाल्ली, तेवढ्यात अब्दुल सत्तार आले. मी जिनिंगमध्ये फिटर होतो तेव्हापासूनची ओळख. अकोल्यातच जुन्या कापूस बाजाराजवळ त्यांचं नळ-पाइपांचं दुकान आहे. बसल्या बसल्या म्हणाले, "देवमनभाऊ, माह्या दुकानाचा अर्धा गाळा खाली झाला. स्वप्निल घरी फवारणीचे पंप दुरुस्त करते न? तिथं बसू द्या त्याले. सीझन तोंडावर आहे. ऐसा मौका फिर नहीं आता."

माझे तर कान टवकारले. आणि स्वप्निल काय म्हणाला? "पाहू, चाचा."

बत्तीस वर्षांचा आहे. आठ वर्षं पाइपाच्या कंपनीत एकाच मशीनपुढे उभा आहे. हाताला इतकी कला आणि मन सशाचं. मला फार वाईट वाटलं. माणसाने धाडस करावं.

आता मी स्वतः केलेलं धाडस लिहितो, म्हणजे डायरीला माझी ओळख पटेल. जिनिंग बंद पडली तेव्हा मी बसस्टँडजवळ शेगडी घेऊन भुट्टे भाजायला बसलो. पहिल्याच तासाला समोरून पोलीस आला. मी शेगडी, भुट्टे, मीठ-लिंबू सगळं तिथंच टाकून घरी पळालो. त्याला फक्त भुट्टा हवा होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. शेगडी परत आणायला पंचफुला गेली. बायकोनेच जावं असं ठरलं होतं. मीच ठरवलं होतं.

२५ मे, रविवार

आज अंगणात नऊ पंप आले. लोक खांद्यावर पंप टांगून बोरगावहून, बार्शीटाकळीहून येतात. नवा पंप घ्यायची ऐपत दोन-तीन वर्षांपासून कोणाचीच राहिलेली नाही, त्यामुळे जुना मरेपर्यंत चालवायचा. स्वप्निल दांडा वर-खाली करतो, टाकीला कान लावतो आणि लगेच सांगतो, "वायसर गेलं." डॉक्टरने नाडी पाहावी तसं. मग नोझल तोंडात धरून फुंकतो आणि ज्योत्स्ना, माझी सून, आतून ओरडते, "तोंड नका लावू त्याले! विष असते त्यात!"

एक शेतकरी म्हणाला, "दुकान टाक न बे. अंगणात काय बसून राहिला?" स्वप्निल हसला, स्क्रू पिळत राहिला.

संध्याकाळी मी त्याला धाडसावर चांगलं अर्धा तास सांगितलं. हिंमत, जिद्द, पायावर उभं राहणं, सगळं आलं त्यात. भुट्ट्याचं तेवढं आलं नाही. मी ऐन रंगात असताना ज्योत्स्ना पाण्याचा गिलास घेऊन आली. "बाबा, गोळी घेतली का संध्याकाळची?"

मी दुकानाचा विषय काढला की ही मुलगी गोळीचा काढते. हे तिसऱ्यांदा झालं. विषय बदलायची सवय वाईट.

२९ मे, गुरुवार

खुशालराव पुन्हा आले. या महिन्यातली तिसरी फेरी. स्वप्निल आणि ते लिंबाखाली कुजबुजत होते, मी बाहेर येताच दोघंही हवापाण्यावर बोलू लागले. मी ओळखलं. हा माणूस माझ्या भोळ्या मुलाच्या गळ्यात पॉलिसी बांधतो आहे.

माझ्याशी मात्र गोड बोलले. "काका, वय काय चालू आहे? शुगर-बिगर? तंबाखू?" एवढ्या आपुलकीने हल्ली कोण विचारतं? मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, नागपूरला नेलं, दोन स्टेंट बसवले. "अन एक पैसा लागला नाही," मी म्हणालो. "स्वप्निलच्या कंपनीचं कामगार विम्याचं कार्ड हाये न. मी अन ह्याची माय दोघंही त्याच कार्डावर. महिन्याच्या गोळ्या फुकट. तुमच्या पॉलिसीची काय गरज हाये आमाले?"

खुशालरावांनी बॅग बंद केली. चहासुद्धा अर्धा ठेवला. बोलण्यात मी कोणाला हरवलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. म्हणून तारखेखाली रेघ मारून ठेवली आहे.

५ जून, गुरुवार

विमा दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या आणल्या. स्वप्निलने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. परत येताना एका मेडिकलवर मी सहज माझी आणि पंचफुलाची चिठ्ठी दाखवून विचारलं, बाहेरून घेतल्या तर कितीच्या? दुकानदाराने आकडेमोड केली, "दोन हजार आठशे. आजीच्या शुगरच्या वेगळ्या." मला आनंद झाला. आपण दरमहा एवढ्या किमतीचं काहीतरी फस्त करतो, हे मला माहीतच नव्हतं.

"पाहा," मी स्वप्निलला म्हणालो, "बाप काही कमी किमतीचा नाही."

तो गाडीला किक मारत राहिला. मग मी पुन्हा गाळ्याचा विषय काढला, म्हटलं, सत्तारभाई थांबले आहेत, तुझ्यात रग कशी नाही. "बाबा, ऊन फार आहे," तो म्हणाला, "तुमी डोक्यावर दुपट्टा घ्या."

९ जून, सोमवार

लिहू नये असं वाटतं. पण डॉक्टर म्हणाले आहेत.

दुपारी माझं पेन सापडेना, म्हणून स्वप्निलच्या जुन्या डब्याच्या पिशवीत पाहिलं. पेन नव्हतं. एक कागद होता. अक्षर खुशालरावांचं.

"वडील, ६६. नवीन पॉलिसी मिळत नाही, ६५ पर्यंतच. हार्टचं तर नाहीच.
आई, शुगर, बीपी. या आजारांना पहिली चार वर्षं काही मिळणार नाही. हप्ता भारी.
तू आणि बायको, हप्ता झेपेल."

खाली स्वप्निलचं अक्षर. "नोकरी सोडली तर कार्ड गेलं. बाबांच्या गोळ्या २८००. नागपूर पुन्हा लागलं तर?" त्या प्रश्नचिन्हावर त्याने पेन इतक्यांदा फिरवलं होतं की कागद फाटला होता. आणि सगळ्यात खाली: "दुकान पुढे पाहू."

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. पंचफुला तुरीची डाळ निवडत होती. कागद पाहूनही तिने डाळीतून मान काढली नाही.

"तुले माहीत होतं?"

"साऱ्याइले माहीत होतं. सत्तारभाईलेबी."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगू काय? का तुमच्या छातीपायी पोराचं दुकान अडलं? तुमी बसान रात्रभर छाती धरून. म्हून चूप होतो. अन तुमी रोज त्याले हिंमत शिकवून राहिले."

तीन आठवडे. रोज. एकदा तर मी त्याला ससा म्हणालो होतो. आणि आपण दार अडवून बसलेल्या मांजरासारखे त्याच्या रस्त्यात बसलो आहोत हे मला ठाऊकच नव्हतं. २९ मेची रेघ खोडली आहे.

१० जून, मंगळवार

रात्रभर विचार केला. कागदावर सहासष्ट आहे. पण माझं खरं वय सहासष्ट नाहीच! माय सांगायची, लढाईत कंट्रोलची ज्वारी सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी तू झाला. हिशेब केला तर जेमतेम चौसष्ट होतात. पासष्टच्या आत! सगळा घोटाळा शाळेच्या दाखल्यात आहे. शनिवारी गावी जाऊन तो दुरुस्त करून आणतो. कोणाला सांगायचं नाही.

पंचफुलाला सांगितलं. सत्तारभाईंना सांगितलं. बाकी कोणाला नाही.

१४ जून, शनिवार

एसटीने गावी जाऊन आलो. दर्यापूर तालुका, गाडी फाट्यावर सोडते, पुढे चालत.

शाळेला सुट्टी होती, पण मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. नव्या वर्षाचा पट भरायचा म्हणून घरोघर मुलं गोळा करत होत्या. मी काम सांगितलं. त्यांनी कपाटातून दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, दोघांनाही शिंका आल्या. पाहतो तर माझं नाव. जन्मतारीख १ जुलै १९४१. वरच्याची १ जुलै १९४१. खालच्याचीही. त्या वर्षी शाळेत घातलेले आम्ही अकराच्या अकरा पोरं एकाच दिवशी जन्मलो होतो.

मला ती सकाळ आठवते. साहेब तपासायला येणार होते आणि पट कमी होता. गुरुजी आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरा, ज्याचा हात पुरेल तो शाळेत. लांबूनच सांगितलं. तेव्हा आम्हाला लांबूनच सांगत. मी चार वर्षांचा होतो, पण माझे हात जन्मापासून लांब. सदऱ्याच्या बाह्या अजून मनगटाला पुरत नाहीत. झटक्यात कान धरला. गुरुजी खूश झाले. नियमाचं नेमकं सहा लिहिलं तर साहेब शंका घेतील, म्हणून सात लिहिलं. त्या दिवशी मायने मला गुळाचा खडा दिला होता. कान धरण्याबद्दल मला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं बक्षीस. पुढे शाळेत कान धरला तो शिक्षेलाच.

"बाई, हे दुरुस्त करून द्या," मी म्हटलं.

बाई भल्या होत्या. "बाबा, शाळा सोडायच्या आधी अर्ज द्यावा लागते."

"मंग मी किती उशीर केला?"

त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "त्रेपन्न वर्षं."

मग म्हणाल्या, कोर्टात जा, पुरावा लागेल, त्या वेळचं कोणी आहे का? मी रजिस्टरवरून बोट फिरवलं. अकरातले दोघे उरलो होतो, दुसरा होता देवराव, त्याला हल्ली स्वतःचं नावही आठवत नाही.

अकोल्याला उतरलो तो स्टँडवर खुशालराव भेटले. मला राहवलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, वय कमी करून आणलं तरी छातीतले स्टेंट कमी होते काय?"

हे मला जायच्या आधी कोणी विचारायला हवं होतं. म्हणजे मीच.

१९ जून, गुरुवार

आता कबुली. रविवारपासून मी गोळ्या घेतल्या नाहीत.

माझा विचार असा होता: पंधरा दिवस गोळ्यांशिवाय राहून दाखवलं तर सिद्ध होईल की बाप बिनखर्चाचा आहे, मग कार्ड कशाला हवं? गोळ्या मी परसातल्या पपईच्या बुडाशी पुरत होतो. पपईला बरं वाटत होतं की नाही सांगता येत नाही. मला नव्हतं. काल हौदावर पाणी घेताना भोवळ आली आणि मी बादलीत बसलो. बादलीवर नाही. बादलीत. पंचफुला आणि ज्योत्स्ना दोघींनी मिळून काढलं.

आज स्वप्निलने पूर्ण दिवस सुट्टी घेऊन दवाखान्यात नेलं. पगार कापला जाईल. डॉक्टर मला नाही, त्याला रागावले. "वडिलांकडे लक्ष नाही का तुमचं?" तो मान खाली घालून ऐकत होता. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर डॉक्टरांनी त्यात थर्मामीटर घातला.

बाहेर आल्यावर स्वप्निल बाकावर बसला. "बाबा, पुन्हा असं करसान तर मी बोलणार नाही तुमच्यासंग."

"मले वाटलं, तुह्या दुकानाले..."

"दुकान गेलं खड्ड्यात. दुकान पाह्यजे का बाप पाह्यजे असं कोणी विचारलं का तुमाले?"

संध्याकाळी त्याने सत्तारभाईंना सांगितलं, गाळा दुसऱ्याला द्या. सत्तारभाई म्हणाले, मोबाइल रिचार्जवाला मागतो आहे, पण मी तीस तारखेपर्यंत थांबतो. "क्या पता," म्हणाले. काही पता नाही. पपईला मात्र नवीन पान फुटलं आहे.

२३ जून, सोमवार

तपासणीसाठी पुन्हा विमा दवाखान्यात. आज एकटाच गेलो, स्वप्निलची सुट्टी वाचवली.

रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा. टक्कल, कवळी, अंगात वॉचमनचा खाकी ड्रेस. हातात कार्ड. मी विचारलं, "मुलाच्या कार्डावर का?"

"काहून मुलाच्या?" तो तडकला. "माह्यं हाये कार्ड. केशवराव म्हणतात मले. ड्युटीले हावो बियाण्याच्या कंपनीत."

"वय किती तुमचं?"

"सत्तरले एक कमी."

"मंग कार्ड कसं देलं? पासष्टच्या वर तर कोणी विचारत नाही."

"अबे, ते पॉलिसीवाले. याले वय नाही लागत, नोकरी लागते. पगारातून सत्तर-ऐंशी रुपये कापते, ठेकेदार बाकी भरते. मी, बुढी, दोघंही यातच. माह्या मोतीबिंदूचं आपरेशन यातच झालं."

माझा नंबर आला तरी मी हललो नाही. मागच्यांनी ढकललं तेव्हा आत गेलो. डॉक्टर म्हणाले, ठोके का वाढले? मी म्हटलं, विचार करून राहिलो.

केशवराव या महिन्याअखेर काम सोडणार आहेत. पोरीकडे परतवाड्याला राहायला जातात. ठेकेदाराचं ऑफिस कुठे ते त्यांनी माझ्या तळहातावर लिहून दिलं. घरी येईपर्यंत घामाने निम्मं पुसलं, पण मी दर दहा पावलांनी वाचत आलो होतो.

२५ जून, बुधवार

गेलो. तीनदा दारावरून पुढे गेलो, चौथ्यांदा ठेकेदारानेच हाक मारली. "बाबा, काही हरवलं का?"

मी काम सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत फारसं काही नाही.

"पळता येते का?"

"चोराच्या मागं का पुढं?"

ते हसले. मग दाखला पाहिला. "सहासष्ट. एक तारखेले सदुसष्ट होतीन."

"कागदावर. तसा मी लहान आहो." मी कंट्रोलच्या ज्वारीचं सुरू करणार होतो, पण त्यांनी हात केला.

"बिमारी?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. घरून तसं ठरवूनही आलो होतो. पण हात आपोआप छातीवर गेला. "दोन स्टेंट हायेत. गोळ्या घेतो. मधी चार दिवस नव्हत्या घेतल्या."

ठेकेदाराने खुर्ची मागे ढकलली. संपलं, असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "लिहिता येते काय? केशवरावच्या जागी बसाचं म्हणजे गेटचं रजिस्टर लिहा लागते. नाव, गाव, काम, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. मांगं दोन तगडे पोट्टे ठेवले होते, त्याइचं लिहिलेलं त्याइलेच वाचता येत नव्हतं."

माझ्याजवळ दाखवायला काय होतं? पिशवीत ही डायरी होती. काढून दिली. त्यांनी नेमकं १९ जूनचं पान उघडलं. वाचू लागले. बादलीपाशी आले तेव्हा टेबलावर हात आपटून हसले, बाजूच्या माणसाला बोलावून त्यालाही वाचून दाखवलं. मी खाली पाहत उभा होतो. मग त्यांचं हसू थांबलं. बहुतेक बाकावरच्या बोलण्यापाशी आले असतील. डायरी मिटून माझ्या हातात दिली.

"दिवसपाळी. खुर्ची मिळन. उचलाचं काही नाही, पळाचं काही नाही. नुसतं लिहाचं. एक तारखेपासून या."

"अन कार्ड?"

"पह्यल्या दिवसापासून नाव जाते. तुमचं अन काकूचं."

सातवी नापास मुलाला नोकरी अक्षरावर मिळाली. माय असती तर गुळाचा खडा मागितला असता.

(वर "सातवीपर्यंत" लिहिलं आहे. तेही खरंच आहे.)

२६ जून, गुरुवार

घरात सांगितलं. स्वप्निल एवढा मोठ्याने कधी बोलला नव्हता.

"छातीत स्टेंट घेऊन गेटवर बसता? लोक मले काय म्हणतीन? बापाले पहाऱ्यावर बसवलं अन पोट्टं दुकानात शेठ झालं!"

"लोकाइचं काय? लोक तर तुले ससा..." एवढं बोलून मी थांबलो, कारण तसं म्हणणारा लोकांत मी एकटाच होतो.

"नाही म्हणजे नाही. मी नोकरी सोडत नाही, अन तुमी धरत नाही."

पंचफुला पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तो बुढा घरी बसून काय करते? पपईले गोळ्या चारते. बसू दे खुर्चीवर, तिथं झाड तरी नाही."

"माय, तू चूप बस."

"मी काहून चूप बसू? त्या कार्डावर मीबी हाये. इतके दिवस पोराच्या कार्डावर होती, आता नवऱ्याच्या जाईन. लग्न त्याच्यासंगच लागलं होतं माह्यं."

ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून आत गेली. स्वप्निल न जेवता बाहेर गेला. मला वाटतं त्याला खाकी ड्रेस आवडत नसावा.

३० जून, सोमवार

अब्दुल सत्तार संध्याकाळी आले. आज शेवटची तारीख. चहा झाला. सत्तारभाई उठले, चपला घातल्या.

तेव्हा स्वप्निल जमिनीकडे पाहत म्हणाला, "चाचा, गाळ्याले शटर आहे का फळ्या?"

"शटर हाये बेटा. थोडं अडकते."

"तेल देऊन पाहू."

सत्तारभाईंनी चपला काढल्या आणि पुन्हा बसले. दुसरा चहा झाला. छातीत धडधड होत होती, पण गोळी घेतलेली होती.

१ जुलै, मंगळवार

आज माझा कागदोपत्री वाढदिवस. ड्युटीचा पहिला दिवस.

ड्रेस मिळाला. कमरेत दोघं मावतील, बाह्या मात्र कोपराच्या जरा खाली संपतात. ठेकेदार म्हणाले, "हात केवढे हो तुमचे." मी म्हटलं, जुनी तक्रार आहे.

दिवसभरात छत्तीस नावं लिहिली. दोनदा शिट्टी वाजवली. एकदा ट्रकसाठी, एकदा चुकून.

१६ जुलै, बुधवार

विम्याचा कागद आला. कुटुंबप्रमुखाच्या जागी माझा फोटो, खाली पंचफुलाचा. तिने तो तीनदा पाहिला आणि विचारलं, "फोटोत तुमचं तोंड उघडं काहून आहे?" मी म्हटलं, फोटोवाला हसा म्हणाला तेव्हा मी विचारत होतो, कशाला?

स्वप्निलने कंपनीत राजीनामा दिला. घरी येऊन अंगणात बसून एक चांगला पंप उगाच खोलला आणि पुन्हा जोडला.

२८ जुलै, सोमवार

दुकान उघडलं. मला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी जाऊन पाहिलं. रांग होती. मी आपला शेवटी उभा राहिलो. नंबर आला तेव्हा स्वप्निलने मान वर न करता विचारलं, "काय बिघडलं?" मी म्हटलं, "काही नाही, तसंच पाह्याले आलो."

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुकान चालतं, पण मला नवी काळजी लागली आहे. पोराला धंद्याचं गणित नाही.

झालं असं की आमच्या बियाण्याच्या कंपनीचे चौदा पंप बिघडलेले होते. मॅनेजरसाहेबांनी ते दुरुस्तीला स्वप्निलकडे दिले. मागच्या आठवड्यात तो पहिल्यांदा गेटवर आला. नियम म्हणजे नियम. मी रजिस्टर उघडलं. "नाव?"

"बाबा, लिहा न. ठाऊक नाही का?"

"नाव सांगा."

"स्वप्निल देवमन तेलगोटे."

"काम?"

"पंप न्याले आलो."

"हुद्दा?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. आठ वर्षं त्याने याच एमआयडीसीत, दोन गेट पलीकडे, "ऑपरेटर" लिहिलं होतं. मागे ट्रक उभा होता. म्हणून मीच लिहिलं: मालक. अक्षर जरा मोठं आलं, पुढच्या रकान्यात गेलं. सही करताना त्याने ते वाचलं. नंतर बराच वेळ पेनचं टोपण लावत होता.

असो, गणिताचं सांगत होतो. चौदा पंप ऑटोत घालून एका खेपेत नेता येतात. हा रोज येतो आणि एक पंप नेतो. बरोबर दुपारी दीडच्या आधी, मी डबा उघडतो तेव्हा. येऊन माझ्याजवळ पायरीवर बसतो. माझं जेवण होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतो. गोळी घेतली का विचारतो, ही ज्योत्स्नाची सवय आता त्यालाही लागली. मी गोळी गिळली की उठतो, एक पंप खांद्याला लावतो आणि जातो. दुकान ते गेट, जाऊन येऊन चौदा किलोमीटर. चौदा पंपांना चौदा खेपा. वर आज नेलेला पंप चांगलाच होता, मी स्वतः दांडा मारून पाहिला, झकास फवारा आला. सांगितलं तर म्हणे, "असू द्या, तपासून आणतो."

असं पेट्रोल जाळलं तर दुकान किती दिवस टिकणार? उद्या त्याला स्पष्ट सांगणार आहे. पंचफुलाला बोललो तर ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "तुमी नका सांगू काही."

आजची नोंद, रजिस्टरवरून उतरवली: तेलगोटे, मालक. आत १.२५. बाहेर १.४५. एक पंप. चालू स्थितीत.